घरांतील यंत्रें : शेपटीच्या फायली

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जिज्ञासेचीं पत्रें पुष्कळ, तक्रारीचीं त्याहून पुष्कळ, आणि केवळ दुःखाचीं अशीं क्वचितच. भाद्रपदांत आलेलें एक पत्र या शेवटच्या प्रकारचें होतें. तें लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील मधल्या सूनबाई आहेत. नांवगांव छापूं नये अशी त्यांची इच्छा आहे. परंतु हकीकत सांगावयास हरकत नाहीं, उलट सांगावीच, असें त्यांनीं आवर्जून कळविलें आहे.

त्यांच्या घरीं दोन वर्षांपासून कुलवृत्तान्ताचें काम चाललेलें आहे. सासरे शहाऐंशी वर्षांचे. दुपारची वामकुक्षी झाली कीं मामंजींनीं माजघरांतील झोपाळ्यावर बसून नांवें सांगावयाचीं आणि सूनबाईंनीं तीं लॅपटॉपवर उतरून घ्यावयाचीं, असा क्रम. कोंकणांतलें मूळ घराणें आणि घाटावर आलेली शाखा पूर्वींच उतरून झाली होती. राहिली होती ती तंजावराकडे गेलेली शाखा. तिचीं नांवें कोणत्याही छापील पुस्तकांत नाहींत. मामंजींच्या वडिलांनीं एकदां तिकडे जाऊन जें ऐकलें, तें मामंजींच्या स्मरणांत तेवढें राहिलेलें. श्रावणांत अकरा दुपारीं ही शाखा कागदावर, म्हणजे संगणकांत, आली. बाराव्या दुपारीं वीज गेली. लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी केव्हांच निकामी झालेली. पडदा एकदम काळा झाला.

दुसऱ्या दिवशीं सुटीवर आलेल्या पुतण्यानें लॅपटॉप सुरू करून पाहिला. कुलवृत्तान्ताच्या फोल्डरमध्यें मुख्य फाईल होती, आणि तिच्या शेजारीं तिचेंच नांव धारण करणाऱ्या आणखी दोन. एकीच्या नांवापुढें ‘डब्ल्यू-ए-एल’ अशीं तीन अक्षरें शेपटीसारखीं लागलेलीं, दुसरीच्या पुढें ‘एस-एच-एम’. मुलगा हुशार. वीज गेल्यामुळें मागें राहिलेला हा तात्पुरता केरकचरा आहे असें त्यानें ताडलें, दोन्ही फायली काढून टाकल्या, आणि मुख्य फाईल सुरक्षिततेसाठीं म्हणून पुण्यास काकांकडे ई-मेलनें पाठवून दिली. मग काकूंस हांक मारली. काकूंनीं प्रोग्रॅम उघडला, तों तंजावरची शाखा समूळ नाहींशी झालेली! सूनबाईंनीं आठवेल तेवढीं चौदा नांवें त्याच दिवशीं पुन्हां लिहून काढलीं. बाकीचीं मामंजींना सावकाश विचारूं म्हणून ठेवलीं. आठच दिवसांनीं मामंजींना अर्धांगाचा झटका आला, आणि वाणी गेली.

पत्राच्या शेवटीं त्या विचारतात, “मुलानें केर काढला, यांत त्याचें काय चुकलें?”

पुतण्यानें जें ताडलें तें अर्धें खरें होतें, आणि अशा बाबतींत अर्धें खरेंच अधिक घात करतें. म्हणून या फायली काय असतात तें थोडें विस्तारानें सांगणें भाग आहे.

घरगुती उपयोगाचे बहुतेक प्रोग्रॅम आपली माहिती ‘एस्क्यूलाइट’ नांवाच्या एका लहानशा यंत्रणेच्या हवालीं करतात. ही यंत्रणा रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनीं २००० सालीं तयार केली. ते त्या वेळीं अमेरिकन आरमाराच्या एका युद्धनौकेसाठीं प्रोग्रॅम लिहीत होते. तेथें माहितीचें दप्तर सांभाळणारा एक निराळा कारभारी-प्रोग्रॅम असे, आणि तो बंद पडला कीं यांचें काम अडे. मग कारभारीच नको, ज्याचें दप्तर त्यानेंच आपल्या हातानें उघडावें आणि मिटावें, या विचारांतून एस्क्यूलाइट जन्मास आलें. हिप यांनीं त्यावर स्वामित्वहक्क ठेवला नाहीं. तें सर्वांस मोकळें आहे. आज तें अँड्रॉइड फोनांत आहे, आयफोनांत आहे, फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांत आहे. आपल्या व्हॉट्सअॅपचे निरोप अँड्रॉइड फोनांत ज्या फायलींत सांठतात तीही याच जातीची. तेव्हां हा प्रश्न एकट्या कुलवृत्तान्ताचा नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचीं हिशेबाचीं बाडें असतील त्यांना रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द सांगावे लागणार नाहींत. दिवसभराचे व्यवहार जसे घडतील तसे रोजकीर्दींत लिहावयाचे. मग सवडीनें ते ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणींत, चढवावयाचे. खतावणी जाडजूड, कापडी बांधणीची, प्रतिष्ठित. रोजकीर्द दिसावयास किरकोळ. पण शनिवारीं संध्याकाळीं कोणी खतावणी तेवढी जपून ठेवून रोजकीर्द चुलींत घातली, तर त्या आठवड्याचे न चढलेले व्यवहार गेले! एस्क्यूलाइटमध्यें २०१० सालापासून जी पद्धति उपलब्ध झाली ती नेमकी अशी आहे. नवी नोंद प्रथम ‘डब्ल्यू-ए-एल’ शेपटीच्या फायलींत जाते, ही रोजकीर्द. मुख्य फाईल ही खतावणी. रोजकीर्दींत हजारभर पृष्ठें भरलीं, किंवा दप्तर उघडून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम रीतसर बंद झाला, कीं सर्व नोंदी खतावणींत चढतात, आणि बंद करतेवेळीं रोजकीर्दीची फाईलही काढून टाकली जाते. ‘एस-एच-एम’ शेपटीची तिसरी फाईल ही या रोजकीर्दीची नुसती सूची. ती हरवली तर पुन्हां तयार करतां येते. तिच्यांत जपून ठेवण्यासारखें कांहीं नसतें.

आमच्या पत्रलेखिका भगिनी प्रोग्रॅम कधींच बंद करीत नसत. काम झालें कीं लॅपटॉपचें झांकण मिटावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं उघडावयाचें. झांकण मिटल्यानें लॅपटॉप झोंपी जातो, प्रोग्रॅम बंद होत नाहीं. एका माणसाच्या नोंदीस पांचसहा पृष्ठें धरलीं, तरी दीडशें माणसांस हजार पृष्ठें भरत नाहींत. म्हणून अकरा दुपारींचें सर्व काम रोजकीर्दींतच राहिलें होतें, आणि खतावणीस त्याचा पत्ताही नव्हता. वीज गेली त्यानें कांहींच बिघडलें नाहीं. वीज गेली तरी नोंदी वांचाव्यात म्हणूनच तर ती रोजकीर्द मागें राहिली होती. प्रोग्रॅम पुन्हां उघडला असता तर त्यानें आपण होऊन ती वाचली असती.

याहून जुनी एक पद्धति आहे, आणि पुष्कळ प्रोग्रॅम अजून तीच वापरतात. तींत नोंद थेट खतावणींतच खाडाखोड करून लिहितात; मात्र खोडण्यापूर्वीं जुन्या पृष्ठाची जशीच्या तशी नक्कल एका सुट्या फायलींत करून ठेवतात. तिच्या शेपटीस ‘जर्नल’ हा शब्द असतो. काम सुखरूप पार पडलें कीं ही नक्कल काढून टाकावयाची. ती काढली जाते तोच क्षण व्यवहार पक्का झाल्याचा. मध्येंच वीज गेली तर नक्कल मागें राहते, पुढच्या वेळीं प्रोग्रॅम ती पाहतो, अर्धवट खाडाखोड पुसून जुनीं पृष्ठें परत लावतो आणि मग नक्कल काढतो. येथें ही नक्कल फेंकून देणें हें रोजकीर्द फेंकण्याहूनही वाईट. रोजकीर्द गेली तर बहुधा अलीकडच्या नोंदी तेवढ्या जातात. नक्कल गेली तर खतावणींत अर्धीं पृष्ठें जुनीं, अर्धीं नवीं, असा घोटाळा कायमचा राहतो आणि पुढें केव्हां तरी फाईल उघडेनाशी होते. (रोजकीर्दीच्या पद्धतींतही नोंदी चढवितां चढवितां वीज गेली असेल, आणि मग कोणी रोजकीर्द फेंकली, तर तोच घोटाळा होतो, म्हणून वर ‘बहुधा’ म्हटलें.)

मग अशा उरलेल्या फायली कधींच काढूं नयेत काय? काढाव्यात, पण आपल्या हातानें नव्हे. ज्या प्रोग्रॅमचें दप्तर त्यानेंच तें उघडावें आणि रीतसर मिटावें. शंभरांत नव्वद वेळां तेवढ्यानें शेपट्या नाहींशा होतात. न झाल्या तर दुसरा कोणी दप्तर धरून बसला आहे काय तें पाहावें. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकींत उघडा असतो, किंवा सर्व फायलींच्या प्रती इंटरनेटवर चढविणारी एखादी सेवा त्या वेळीं ती फाईल वाचीत असते. संगणक एकदां पूर्ण बंद करून पुन्हां सुरू करणें हा यावर अडाणी पण गुणकारी उपाय आहे. कांहीं प्रोग्रॅम या फायली मुद्दामच ठेवून देतात. नक्कल दर वेळीं नव्यानें निर्माण करण्यापेक्षां तिचें फक्त तोंड पुसणें किंवा ती रिकामी करून ठेवणें त्यांस सोयीचें वाटतें. त्यांची फाईल शून्य आकाराची दिसली तरी बिचकूं नये. रोजकीर्दीचा आकारही फसवा असतो. नोंदी चढल्यावर ती लहान होत नाहीं, वरून पुन्हां लिहिली जाते. त्यामुळें मोठी दिसते म्हणजे तींत न चढलेलें कांहीं आहेच असें नव्हे, आणि लहान आहे म्हणजे तींत कांहीं नाहीं असेंही नव्हे. ती दिवसेंदिवस फुगतच चालली असेल तर मात्र कोणी तरी वाचक दप्तर उघडें टाकून बसला आहे, आणि त्याच्यामुळें नोंदी पूर्णपणें चढून रोजकीर्द पुन्हां आरंभापासून लिहिली जात नाहीं, असें समजावें.

प्रत काढतांना हाच नियम उलट बाजूनें लागू पडतो. प्रोग्रॅम उघडा असतांना मुख्य फाईल एकटी उचलून पेनड्राइव्हवर घेणें म्हणजे खतावणी नेणें आणि रोजकीर्द विसरणें होय. प्रोग्रॅम बंद करून मग प्रत घ्यावी. त्यानंतरही शेपट्या दिसत असतील तर त्यांसह सबंध फोल्डर उचलावा. नांवें बदलूं नयेत, कारण प्रोग्रॅम शेपटीची फाईल केवळ नांवावरून ओळखतो.

येथें थोडें विषयांतर करतों, कारण ती हकीकत मौजेची आहे आणि अगदींच गैरलागूही नाहीं. वर सांगितलेल्या फायलींखेरीज एस्क्यूलाइट कामापुरत्या आणखी कांहीं फायली निर्माण करतें. मोठी यादी अनुक्रमानें लावतांना मध्यें कोठें तरी कागद पसरावे लागतात, तशा. या खऱ्याच तात्पुरत्या असतात, आणि त्या दप्तराशेजारीं न ठेवतां संगणकाच्या ‘टेंप’ नांवाच्या फोल्डरांत ठेवल्या जातात. पूर्वीं त्यांच्या नांवाचा आरंभ एस्क्यूलाइट या नांवानेंच होत असे. पुढें मॅकॅफी या कंपनीनें आपल्या विषाणु-प्रतिबंधक प्रोग्रॅममध्यें एस्क्यूलाइट वापरलें, आणि विंडोज वापरणाऱ्या असंख्य लोकांस आपल्या टेंप फोल्डरांत या अनोळखी फायली दिसूं लागल्या. लोक चिडले. त्यांनीं गूगलवर तें नांव शोधलें, हिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दूरध्वनि-क्रमांक काढले, आणि रात्रीं अपरात्रीं त्यांस झोंपेंतून उठवून ‘तुमचा कचरा आमच्या घरांतून काढा’ म्हणून फर्माविण्यास सुरुवात केली! शेवटीं त्यांनीं त्या नांवाचीं सहा इंग्रजी अक्षरें उलट क्रमानें लावलीं. तेव्हांपासून या फायलींचें नांव ‘ई-टी-आय-एल-क्यू-एस’ या अक्षरांनीं सुरू होतें. जो मनुष्य हें कोडें उलगडण्याइतका चतुर असेल त्याला फोन करून कांहीं उपयोग नाहीं हेंही कळेल, असा कर्त्यांचा हिशेब. ही सर्व हकीकत त्यांनीं मूळ प्रोग्रॅममध्येंच टीप म्हणून लिहून ठेवली असून तिच्यावर ३१ ऑक्टोबर २००६ ही तारीख आहे. विंडोजवर या उलट्या नांवाच्या फायली मिटतांक्षणींच आपोआप नाहींशा व्हाव्यात अशी योजना असते. प्रोग्रॅम एकदम कोसळल्यामुळें किंवा दुसऱ्या कांहीं कारणानें त्या मागें राहिल्याच, तर संगणक बंद करून पुन्हां सुरू केल्यावर खुशाल काढाव्यात. त्यांत कोणाचाही कुलवृत्तान्त नसतो. पुतण्यानें जें कोठें तरी वाचलें होतें तें यांच्याविषयीं खरें होतें. त्यानें तें दप्तराशेजारच्या फायलींस लावलें, इतकेंच.

असो. पत्र वाचून आम्हीं त्या भगिनींस त्याच दिवशीं फोन केला आणि तीन प्रश्न विचारले. रीसायकल बिन त्यानंतर कोणीं रिकामी केली आहे काय? पुतण्यानें फाईल पुण्यास पाठविण्यापूर्वीं, शेपट्या काढल्यानंतर, प्रोग्रॅम एकदां तरी उघडला होता काय? आणि काकांकडील तो ई-मेल अजून शिल्लक आहे काय? उत्तरें आलीं : नाहीं, नाहीं, आहे. हें ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो फोनवर दाखविणें बरें दिसलें नसतें, म्हणून गप्प राहिलों.

कारण असें. रीसायकल बिनमध्यें ती रोजकीर्द तशीच पडून होती. परंतु लॅपटॉपवरील खतावणी आतां तिच्या जोडीची राहिली नव्हती. सूनबाईंनीं नंतर चौदा नांवें लिहिल्यामुळें तिचीं पृष्ठें बदललीं होतीं, आणि जुनी रोजकीर्द तिच्यावर चढविणें म्हणजे दोन निराळ्या वर्षांचे हिशेब एकांत मिसळणें झालें असतें. मात्र ई-मेलला जोडून गेलेली फाईल ही वीज गेली त्या क्षणीं होती तशीच, एका अक्षराचाही फरक न झालेली. म्हणजे पुतण्यानें जी अपुरी प्रत पाठविली तीच आतां उपयोगी पडणार होती.

पुढील काम पुतण्याकडूनच करविलें. रीसायकल बिनमधलें ‘रीस्टोअर’ बटण दाबूं नको, असें प्रथम बजावलें. त्यानें फाईल जुन्या जागीं, म्हणजे बदललेल्या खतावणीशेजारीं, जाऊन बसली असती, आणि कोणीं चुकून प्रोग्रॅम उघडला असता तर सर्वच संपलें असतें. जुना फोल्डर आहे तसा पेनड्राइव्हवर घेऊन बाजूस ठेवविला. नवा रिकामा फोल्डर केला. त्यांत ई-मेलमधील मुख्य फाईल उतरविली; तिचें नांव मूळ नांवाशीं अक्षरशः जुळतें आहे हें पाहविलें, कारण एकाच नांवाची फाईल दुसऱ्यांदा उतरविली तर ब्राउझर तिच्या नांवास आंकडा जोडतो. मग रीसायकल बिनमधील ‘डब्ल्यू-ए-एल’ शेपटीची फाईल तेथून ओढून या फोल्डरांत आणविली. सूचीची फाईल आणण्याची गरज नव्हती. या नव्या फोल्डरचीही एक प्रत काढविली, आणि मग प्रोग्रॅमकडून ही नवी जोडी उघडविली.

तंजावरच्या शाखेचीं १३७ माणसें जागच्या जागीं होतीं. पुतण्यानें नंतर आमच्या सांगण्यावरून ‘इंटिग्रिटी-चेक’ नांवाची एक आज्ञा देऊन फाईलची प्रकृति तपासली. एस्क्यूलाइटमध्यें ही आज्ञा सर्व पृष्ठें पडताळून पाहते आणि सर्व ठीक असल्यास ‘ओके’ एवढाच शब्द उत्तरते. तसें उत्तर आलें.

एक नोंद मात्र आली नाहीं. वीज गेली त्या वेळीं जी लिहिणें चालू होतें ती. ती जतन करण्याची आज्ञा दिली गेलीच नव्हती, त्यामुळें रोजकीर्दींत ती असण्याचा संभवच नव्हता. ती कोणा बालविधवेची होती, नऊ वर्षांची असतांना माहेरीं परत आलेली, एवढें सूनबाईंस स्मरतें. नांव कांहीं केल्या आठवत नाहीं. मामंजींना सर्व ऐकूं येतें, माणसें ओळखतात, पण शब्द फुटत नाहीं. त्यांच्यापुढें सूनबाई रोज दुपारीं तंजावरचीं नांवें वाचून दाखवितात. त्या जागीं आल्या कीं थांबतात. नोंद तूर्त नांवाविना करून ठेवली आहे.

पत्रांतील प्रश्नाचें उत्तर देणें राहिलें. मुलाचें चुकलें तें केर काढण्यांत नव्हे. काढण्यापूर्वीं त्यानें तो सूपांत धरून पाहिला नाहीं, इतकेंच. घरांतील वडील माणसांनीं त्याला या महिन्याभरांत पुरेसें बोलून झालें असेल, तेव्हां आम्ही अधिक बोलत नाहीं. शिवाय त्यानें रीसायकल बिन रिकामी केली नव्हती, आणि काकांना प्रत पाठविली होती, हें त्याच्या बाजूस मांडावयास हवें.

जागा थोडी उरली आहे तींत बडोद्याच्या एका वाचकांचा प्रश्न घेतों. त्यांच्या चिरंजीवांच्या लिनक्स संगणकावर डिस्क भरल्याची सूचना येते, पण फायलींच्या आकारांची बेरीज केली तर कित्येक गिगाबाइट कमी भरते. हें भूत नव्हे. लिनक्सवर एस्क्यूलाइट वर सांगितलेल्या उलट्या नांवाच्या फायली उघडतें आणि उघडतांच त्यांचें नांव यादींतून खोडून टाकतें. फाईल वापरांत असते, जागा अडविते, पण नांव नसल्यामुळें दिसत नाहीं. ती वापरणारा प्रोग्रॅम थांबला कीं जागा मोकळी होते. चिरंजीवांनीं ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन आज्ञांच्या उत्तरांतील फरक पाहावा, ‘एलएसओएफ’ या आज्ञेनें अशी निनांवी फाईल कोणता प्रोग्रॅम धरून आहे तें शोधावें, आणि तो प्रोग्रॅम नीट बंद करून पुन्हां सुरू करावा. ‘व्हॅक्यूम’ नांवाची दप्तर आंखडण्याची आज्ञा ते देत असतील तर तिला मूळ फायलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागूं शकते, हें अगोदर पाहून ठेवावें.